सायलीचं गाणं मी कुठल्या रकान्यात लिहिलं

मित्रहो, आज माझ्या चुकीची शिक्षा एका मुलीला झाली. कुणाला काही मार्ग माहीत असेल तर कृपया सांगा.

मी कर्जतच्या एका छोट्या कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवतो. ठाकुरवाडीची सायली आमच्याकडे दोन वर्षं तत्त्वज्ञान आणि संगीत शिकली. कॉलेजात संगीताला शिक्षक नाही, म्हणून ती रोज भिसेगावच्या एका निवृत्त बाईंकडे गाणं शिकायला जायची. संगीताच्या परीक्षाही रीतसर दिल्या.

तिसऱ्या वर्षाला पुण्याच्या कॉलेजात संगीत घ्यायचं होतं. क्रेडिट ट्रान्सफरसाठी, म्हणजे इथली दोन वर्षं तिकडे धरली जावीत म्हणून, आज मीही सोबत गेलो.

तिथल्या मॅडम कागद बघून म्हणाल्या, "तत्त्वज्ञानाला थेट तिसऱ्या वर्षात घेऊ. संगीत तुम्ही उपक्रमात दाखवलंय, विषयात नाही. ते पहिल्या वर्षापासून करावं लागेल."

कॉलेजच्या नोंदीत तसं दाखवणारा मीच. शिक्षक नाही म्हणून कुणी शंका काढायला नको, एवढाच विचार करून मी सोपा रकाना निवडला होता.

परतताना गाडी घाट उतरत होती. एरवी सतत गुणगुणणारी सायली खिडकीबाहेर बघत बसली होती. मी माफी मागितली.

"जाऊ द्या सर," ती म्हणाली. "तत्त्वज्ञानच करते. गाणं काय, घरीपन गाता येतं. त्याला डिग्री कशाला?"

दोन वर्षांपूर्वी तो रकाना भरताना मी मनात अगदी हेच म्हटलं होतं. आज तिच्या तोंडून मात्र ते ऐकवलं नाही.