व्याह्यांच्या फादरांना काय म्हणावे

आमच्या शाळेत कोणाच्याही घरी लग्न निघाले, की पत्रिकेचा मजकूर माझ्याकडे येत असे. मराठी शिकवणाऱ्या बाईने डोळ्यांखालून घातला म्हणजे छापायला हरकत नाही, असा सगळ्यांचा समज होता. चित्रकलेच्या सरांनी मात्र मुलीच्या लग्नाचा सगळा मजकूर मलाच लिहायला सांगितला आणि समारंभाचे सूत्रसंचालनही माझ्याकडेच दिले.

सर ख्रिस्ती, लातूरच्या प्रॉटेस्टंट चर्चमधले जुने कुटुंब. नवरा मुलगा नांदेडचा, कॅथलिक. लग्न सरांच्या चर्चमध्ये तिथले पाळक लावणार होते आणि नांदेडहून मुलाकडचे फादर येऊन नव्या जोडप्यासाठी प्रार्थना करणार होते. या दोन धर्मगुरूंचा उल्लेख कसा करावा, एवढाच प्रश्न मला तेव्हा पडला होता, आणि त्याचे उत्तर आपल्याला येते असेही वाटत होते.

मी लिंगायत घरातली. आमच्या पत्रिकांत स्वामींचे नाव नुसते लिहीत नाहीत. त्याआधी उपाध्यांची ओळच लागते. स्वामी दारात आले, की थोरामोठ्यांसकट सगळे घर वाकते. त्याच वळणाने मी दोन्ही नावांआधी ‘परमपूज्य’ लिहिले आणि कागद दाखवायला पाळकांच्या घरी गेले. ते बाहेर येताच मी पाया पडायला वाकले. ते चटकन मागे सरले आणि ख्रिस्ती रिवाजाने सलाम करत त्यांनी हात पुढे केला.

“सलाम, बाई. पाया नका पडू. आमच्यात ते नाही.”

कागद वाचून त्यांनी ‘परमपूज्य’वर रेघ मारली. “पूजा देवाची. मी नुसता पाळक आहे. छापायचंच तर ‘रेव्हरंड’ छापा.”

“मग माइकवर रेव्हरंड म्हणू?”

“तो कागदावरचा शब्द झाला. समोरासमोर तसं कोणी म्हणत नाही. पास्टर म्हणा. आमची जुनी माणसं पाळकसाहेब म्हणतात.”

वर्गात नवा धडा उघडल्यावर होते तसे माझे झाले. एकेक विचारत गेले. त्यांच्या पत्नीला चर्चमधली मंडळी पाळकीणबाई म्हणतात, हे कळले. फादरांसोबत मठातल्या सिस्टर आल्या, तर वयाने कितीही लहान असल्या तरी त्यांना सिस्टरच म्हणायचे, हेही कळले.

“आणि फादरांना तुम्ही स्वतः काय म्हणता?”

“फादर. त्यांची माणसं त्यांना ज्या नावानं मान देतात, तेच मी घेतो. ते मला पास्टर म्हणतात.” मग कागद परत देत ते म्हणाले, “माझी अडचण नाही. तुमच्या सरांची आहे. त्यांना विचारा.”

मी तशीच सरांच्या घरी गेले. विषय काढताच सर खिडकीबाहेर पाहू लागले आणि त्यांची मुलगी स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आली.

“बाई, नांदेडला साखरपुड्यात काय झालं सांगू? सगळे ‘या फादर, बसा फादर’ करून राहिले, आणि पप्पांनी एकदासुद्धा फादर म्हटलं नाही. माझ्या सासरच्या आजीनं मला बाजूला घेतलं. म्हणे, ‘आमच्या फादरला फादर म्हनायला तुझ्या पप्पाची जीभ दुखून राहिली का गं?’”

“साहेब म्हटलं की मी,” सर म्हणाले. “शिवी दिली का?”

“साहेब तर तुम्ही तलाठ्यालाही म्हणता!”

मला हसू आले. पण मुलीचे डोळे भरले होते. “लग्नात सगळ्यांसमोर परत तसंच झालं, तर मला तिथं जन्मभर ऐकावं लागंल, बाई. ती आजी घरातली मोठी. ती विसरणार न्हाई.”

सर खिडकीकडून वळले. मग फळ्यावर रेघ ओढावी तसे, सावकाश, म्हणाले, “माझ्या वडिलांनी आम्हाला शास्त्रातून, बायबलातून, एक गोष्ट शिकवली. पृथ्वीवर कोणाला पिता म्हणायचं नाही, तो एक वर आहे. आमच्या मंडळीत सगळेच एवढं धरत नाहीत. पाळकसाहेबही धरत नाहीत. माझ्या आत ते बसलंय. ते भले गृहस्थ आहेत. पण तो शब्द माझ्या तोंडून खोटा निघेल. खोट्या शब्दानं मान दिला, तर तो मान कसला?”

तोपर्यंत मी हा प्रश्न शिष्टाचाराचा समजत होते. शिष्टाचाराचा प्रश्न एका नियमाने सुटतो. इथे मुलीचे सासर एका बाजूला होते आणि वडिलांची शिकवण दुसऱ्या बाजूला, आणि दोन्हीकडे मान द्यायचीच इच्छा होती. 

माइकवर काय म्हणावे ते विचारण्यासाठी मी नांदेडच्या फादरांना फोन केला. ते मूळचे दक्षिणेकडचे. मराठी नांदेडला येऊन शिकलेले, त्यामुळे एकेक शब्द स्वच्छ.

“फादर आणि पुढे नाव, इतके पुरे. बिशप आले असते तर तुम्हाला अधिक अभ्यास करावा लागला असता,” ते हसून म्हणाले.

मी धीर करून सरांचे विचारले.

“ते मला साहेब म्हणाले, तेव्हाच मी ओळखले. असा विश्वास असलेले मित्र मला आहेत. मला वाईट वाटले नाही. आजींना वाटले. आणि बाई, आजींचे काय करायचे, ते मलाही समजत नाही.”

लग्नाच्या सकाळी चर्चच्या फाटकाशी नांदेडची गाडी थांबली. पांढऱ्या झग्यातले फादर आधी उतरले आणि मग त्यांच्या दंडाला धरून आजी. सर पुष्पगुच्छ घेऊन पुढे झाले. शेजारी काळ्या झग्यातले पाळक, मागे मी. मुलगी आतल्या खोलीच्या खिडकीतून पाहत होती. आजी फादरांकडे न पाहता सरांच्या तोंडाकडे पाहत होत्या.

“सलाम,” सर म्हणाले आणि पुढे अडले. मग त्यांनी पुष्पगुच्छ तसाच हातात धरून सरळ सांगितले, “मला एक शब्द म्हणता येत नाही, तो माझ्या वडिलांच्या शिकवणीमुळं. तुमचा मान कमी म्हणून नव्हे. जन्मल्यापासून ज्यांच्यापुढे मी मान खाली घातली, त्यांना मी पाळकसाहेब म्हणत आलो. याहून मोठा शब्द माझ्याकडं नाही. तोच तुम्हाला देतो. या, पाळकसाहेब.”

फादरांनी दोन्ही हातांनी सरांचा हात धरला. “सलाम, सर. माझ्यासाठी तो शब्द फार मोठा आहे.”

आजींचे समाधान झाले नव्हते. त्यांनी काठीने आमच्या पाळकांकडे खूण केली. “आन् ह्यांना काय म्हनता?”

“त्यांनाही पाळकसाहेबच.”

“सारखंच?”

“हाव आजी. सारखंच.”

आजींनी एकदा पांढऱ्या झग्याकडे, एकदा काळ्या झग्याकडे पाहिले. “मंग ठीक हाय,” त्या म्हणाल्या आणि सरांचा दंड धरून पायऱ्या चढू लागल्या. खिडकीतली मुलगी दिसेनाशी झाली. तिला अजून तयार व्हायचे होते.

माइकवर मी एकाला पास्टर म्हटले, दुसऱ्याला फादर. सरांनी आभार मानताना दोघांनाही पाळकसाहेब म्हटले. कोणी चुळबुळ केली नाही.

जेवणे आटोपून निघताना आजी मुद्दाम आमच्या पाळकांजवळ गेल्या आणि वाकू लागल्या. ‘आमच्यात ते नाही’ असे आता ऐकू येणार, म्हणून मी कान टवकारले.

“लई चांगलं लगीन लावलं, फादर,” आजी म्हणाल्या.

पाळकांनी माझ्याकडे पाहिले. मग स्वतःच खाली वाकून त्यांनी आजींचे हात वरच्या वर धरले.

“सलाम, आजी. सांभाळून जा,” ते म्हणाले. चूक दुरुस्त केली नाही.