चोवीसने भागणारे आबा

समोर येईल त्या वस्तूला चोवीसने भागायची आबांना खोड होती. पहिल्याच भेटीत त्यांनी मला टोपीपासून चपलेपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाले, "मिस्तरी, तुम्ही सात सेंटिमीटर." मी चौथी पास, तीही मास्तरांच्या मेहेरबानीने. मला वाटलं, माणूस शिवी देतोय. मग कळलं की ते ज्या प्लॅस्टिकच्या मोटारी बनवायचे त्या खऱ्या मोटारीच्या चोविसाव्या हिश्शाच्या असायच्या, आणि त्या नादात त्यांना सगळं जगच तेवढं दिसायचं. म्हशीपासून मामलेदारापर्यंत कोणी सुटलं नाही. माझ्या मिशीबद्दल म्हणाले, "अर्धा मिलिमीटर. करण्यात अर्थ नाही, नुसता रंगाचा ठिपका द्यायचा." गावाने त्यांचं नाव चोवीस आबा ठेवलं. त्यांना ते आवडायचं, हे त्याहून वाईट.

धुळ्याच्या एका सरकारी कचेरीत त्यांनी जन्मभर नकाशे गिरवले. रिटायर झाल्यावर मुलाकडे फैजपूरला आले. यावल रस्त्याला माझं ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवायचं दुकान, आणि मागच्या भिंतीला लागून त्यांचं घर. भिंतीच्या अलीकडे मी खरी गाडी करायचो, पलीकडे ते खोटी. माझी ट्रॉली आठवड्यात केळीचे घड भरून रस्त्याला लागायची. आबांच्या एका मोटारीला आठ महिने. खोक्यातून प्लॅस्टिकच्या चौकटी निघायच्या, कडुलिंबाच्या काडीला पानं असावीत तसे त्यांना भाग लटकलेले. ते कापा, घासा, पुट्टी भरा, पुन्हा घासा, चिमट्यात धरून चिकटवा, रंगाचा हात द्या, वाळू द्या, पुन्हा घासा. बाजूचा आरसा बसवताना तर श्वास असा रोखायचे की घरातले लोक बघायला यायचे. एवढं करून या माणसाला सायकलसुद्धा धड येत नव्हती. जळगावला जायचे एसटीने, आणि वाटभर ड्रायव्हरच्या चुका काढायचे.

मी विचारायचो, "आबा, हिचं दार उघडतं का?"

"नाही. चिकटवलेलं आहे."

"चालते का?"

"नाही."

"मग हिचं करायचं काय?"

"बघायचं."

"बघायला तुमचा मुलगाही आहे की. तो निदान संध्याकाळी चालत घरी येतो."

यावर ते माझ्या वेल्डिंगकडे बोट दाखवायचे. "हा जोड आहे की शेंबूड?" म्हणायचे. बोलण्यात मी हटणारा नाही, पण पहिल्यांदा म्हणाले त्या दिवशी मी तो जोड परत घासून घेतला. त्यांना दिसू न देता.

त्यांची सून वैशाली, गुणी पोरगी. तिच्या पुण्याच्या भावाने वाढदिवसाला विटांच्या मोटारीचं खोकं पाठवलं. विटा म्हणजे त्या प्लॅस्टिकच्या, एकीवर एक दाबली की बसणाऱ्या. ना कात्री, ना डिंक, ना पुट्टी. पोरीने भाकरी आणि भांडी यांच्या मधल्या वेळात, दोन दुपारींत, ओट्यावर मोटार उभी केली. दारं उघडणारी, चाकं फिरणारी. आबांनी चष्मा पुसून ती हातात घेतली, पट्टी लावली आणि त्यांची धुळ्याची बोली बाहेर आली. राग आला की यायचीच. "हाई गाडी नही शे, हाई खोकं शे! आणि बंपरवर हे काय? घामोळं?" विटांवर ते गोल गोल उंचवटे असतात ना, त्याला म्हणाले. त्या दिवसापासून त्या मोटारीचं नावच घामोळं.

"लांबीला एक माप, रुंदीला दुसरं. कितीने भागलं हिला?" आबांनी विचारलं.

"भागलंच नाही, आबा," वैशाली पोळपाट धूत म्हणाली. "माझ्या मापाची आहे."

मी लगेच विटांच्या बाजूने उभा राहिलो. आबांना टोचायला मिळतंय म्हणून, पण मला ते पटलंही होतं. जी खोलता येते ती गाडी. नट सैल केला की पाटा निघाला पाहिजे. चिकटवलेली गाडी म्हणजे फोटो. वैशालीने महिन्याभरात त्याच विटांचा टेम्पो केला, मग पाण्याचा टँकर केला. फळीवरून पडला तर दोनशे तुकडे झाले आणि चहा होईपर्यंत टँकर परत उभा. आबांच्या मोटारीचा एक आरसा तुटला, तर घरात आठ दिवस सुतक. अर्थात दहा फुटांवरून दोन्ही मोटारीच दिसायच्या. हातभर अंतरावर मात्र आबांची खरी वाटायची, इतकी की पेट्रोलचा वास येईल. हे मी त्यांना कधी सांगितलं नाही.

त्या वर्षी दसऱ्यानंतर चारच दिवसांनी जळगावला एका शाळेच्या हॉलमध्ये हौशी लोकांचं प्रदर्शन होतं. आबांनी पांढरी मोटार पाठवायचं ठरवलं, आठ महिन्यांची. वरचा चकाकीचा शेवटचा हात तेवढा राहिला होता. मला म्हणाले, "मिस्तरी, इतके नकाशे काढले, पण प्रत्येकाच्या कोपऱ्यात नाव साहेबाचं. इथं मोटारीखाली चिठ्ठी असते. तिच्यावर माझं नाव येईल." शर्ट आठवडाभर आधीच इस्त्री करून ठेवला. मी हसलो. तेव्हा हसायला काय लागतं.

दसऱ्याला आमच्याकडे यंत्र, वाहन, हत्यार, सगळ्यांची पूजा. मी वेल्डिंग मशीनला झेंडू घातला. तिकडे वैशालीने स्कूटरची पूजा केली, मिक्सरची केली, आणि भक्तिभावाने सासऱ्याची पांढरी मोटार पाटावर ठेवून बॉनेटवर ओल्या कुंकवाचं बोट लावलं. वाहन ते वाहन. शेजारी आपलं घामोळंही ठेवलं. विटांवरचं कुंकू पुसलं की गेलं. आबांच्या बिनचकाकीच्या रंगाने मात्र ते पिऊन घेतलं. आबा देवळात गेले होते. पोरगी मोटार पदराखाली घेऊन माझ्या दुकानात पळत आली. "नाना, डाग निघेल का हो?"

मी म्हणालो, "एका हातात." पन्नास वर्षं रंग काढतोय. बोळा थिनरमध्ये बुडवला आणि अंगठ्याने घासला.

लोखंडाला थिनर कळतो. प्लॅस्टिकला तो आग लागल्यासारखा लागतो, हे मला कोणी सांगितलं नव्हतं आणि मी कोणाला विचारलं नव्हतं. बॉनेट तुपासारखं वितळून खाली बसलं. मधोमध माझ्या अंगठ्याचा खड्डा.

वैशाली पांढरीफटक पडली. "नाना, तुम्ही राहू द्या. मी बघते. माझ्याच हातून झालं म्हणते," म्हणाली. आणि मी राहू दिलं. तिने माझं नाव घेतलं नाही, मीही सांगायला गेलो नाही.

भिंतीपलीकडून एकदाच आवाज आला, "बठ्ठं वाया गयं!" सगळं वाया गेलं, म्हणत होते. मी चार दिवस गरज नसताना पत्रा ठोकत बसलो. प्रदर्शनाच्या दिवशी आबा तो इस्त्रीचा शर्ट घालून ओसरीवर बसलेले दिसले, जळगावची एसटी गेली तरी. वैशाली दुकानासमोरून जायची, माझ्याकडे बघायची नाही. माझ्यामुळे ती पोरगी सासऱ्याच्या नजरेतून उतरली, हे काही घशाखाली उतरेना. पाचव्या दिवशी टोपी काढून आत गेलो.

"आबा, ती मोटार..."

"खड्ड्यातला अंगठा सव्वीस मिलिमीटर," आबा म्हणाले. "सूनबाईचा सतरा. त्याच दुपारी मोजला."

"मग बोलला का नाहीत?"

"तिला बोललो, तुझं कुंकू मला पुसता आलं असतं म्हणून. तुम्हाला काय बोलणार? पाच दिन लागनात तुले, मिस्तरी."

आतून वैशाली चहा घेऊन आली. कप माझ्यासमोर जरा जोरातच ठेवला. म्हणजे सासरे आणि सून आतून एकच होते. दोघंही माझी वाट बघत बसले होते.

आबांनी तेच किट पुन्हा मागवलं. मी ओसरीवर पाय ठेवला की ओरडायचे, "हात धुऊन या, वास येतोय!" विटांबद्दलचं मत तसूभर बदललं नाही. वैशालीने आगबोट केली तर म्हणाले, "घामोळं आता पाण्यात उतरलं." पुढच्या प्रदर्शनाची वाट बघत होते. फाल्गुनात झोपेतच गेले. मोटार अर्धी झाली होती. बॉनेट घासून तयार, रंग द्यायचा बाकी.

तेरावं झाल्यावर वैशाली ते खोकं घेऊन दुकानात आली. चिमटा, डिंक, पांढऱ्या रंगाची बाटली, सगळं आबांनी ठेवलं तसं होतं. म्हणाली, "नाना, पुरी करा. चिठ्ठीवर आबांचं नाव लावून मी जळगावला पाठवते. तुमच्याशिवाय कोण करणार?"

यावलपासून बोदवडपर्यंत कोणालाही विचारा, लोखंडाचं कोणतं काम या मिस्तरीने परत पाठवलं. मी खोकं उघडलं, बॉनेट बघितलं, बोट लावलं नाही.

"वैशाली," मी म्हणालो, "हे मला येत नाही."

ती खोकं झाकून निघाली, तेव्हा मी वेल्डिंगचा काळा चष्मा डोळ्यांवर ओढला. मशीन बंद होतं.