पुसून टाक म्हणणारी माणसं

आमचा बाप चिडला की हाताला लागेल त्याने झोडायचा. त्यातून मी एक गोष्ट शिकलो, समोरच्याआधी आपला हात उठला पाहिजे. ताई वेगळंच शिकली. ती मार खायची, पण जागची हलायची नाही आणि म्हणणं बदलायची नाही. तिला हट्टी म्हणणं म्हणजे आगीला कोमट म्हणणं. मी टायरचं दुकान टाकलं आणि ती शिकून एका क्लाउड कंपनीत बॅकअप सांभाळायला लागली.

तिचं काम मला समजायला बरेच दिवस लागले. "अगं, मशिन कुठाय?" असं विचारलं की ती हसायची. लोकांना स्वतःचे कॉम्प्युटर विकत घेऊन ठेवायला परवडत नाहीत, म्हणून तिची कंपनी आपल्या मोठ्या मशिनच्या पोटात छोटी छोटी मशिनं भाड्याने देते. हात लावायला काही नसतं, पण काम सगळं खऱ्यासारखंच. अशा प्रत्येक मशिनची ताई रोज एक नक्कल काढून ठेवायची. आणि नुसती ठेवून गप्प बसायची नाही, अधूनमधून एखादी नक्कल उठवून चालते का ते बघायची. हे मात्र मला लगेच कळलं. स्टेपनीत हवा आहे की नाही हे पंक्चर झाल्यावर बघणारे महाभाग मी रोजच बघतो.

त्यांच्या ऑफिसात झाडलोट करणाऱ्या एक काकू होत्या. त्यांचा एकुलता मुलगा एका गोदामात हमाल होता. एके दिवशी गोदामातून निरोप आला, पोरगा ट्रकवरून पडून गेला. काकूंनी प्रेत पाहिलं. दोन्ही गुडघे चेचलेले, पाठीवर काळेनिळे पट्टे आणि डोक्याला मागून खोक. पोलिसांत गेल्या तर तिथला अंमलदार म्हणाला, "बाई, पुरावा आणा. नुसतं रडून गुन्हा लिहिता येत नाही."

त्या गोदामाच्या कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग ताईच्याच कंपनीतल्या एका मशिनवर साठायचं. ताईने पाहिलं, तर पोरगा मेला त्याच संध्याकाळी गोदामाच्या मालकाने ते मशिन पुसून टाकलं होतं. चोराच्या मनात चांदणं! पण कंपनीचा एक नियम असतो. गिऱ्हाईकाने मशिन पुसलं तरी बॅकअपची नक्कल दोन आठवडे पडून राहते, नंतर आपोआप कायमची जाते. त्यातले जेमतेम दोन दिवस उरले होते.

गिऱ्हाईकाचं मशिन उघडून आत डोकावणं म्हणजे नोकरीवर धोंडा. ताईने तो मारून घेतला. काकूंना शेजारी बसवलं आणि नक्कल उठवली. आणि तिथेच ती चुकली. नक्कल उठवायच्या आधी तिची बाहेरच्या जगाशी असलेली जोडणी तोडायची असते, हे ती झोपेतही विसरली नसती. पण शेजारी काकू पदर तोंडात कोंबून बसल्या होत्या. मशिन जागं झालं. आपल्याला पुसलंय हे त्या बिचाऱ्याला काय माहीत? त्याने रोज चालू झाल्यावर करायचा तोच उद्योग केला. मालकाच्या आणि गोदामातल्या मुकादमाच्या फोनवर निरोप धाडला, "कॅमेरा यंत्रणा सुरू झाली आहे."

ताईने रेकॉर्डिंग शोधून काढलं. आधी काकूंना बाहेर पाठवलं आणि मग एकटीने सगळं पाहिलं. पोराच्या हातून काचसामानाचं खोकं पडलं. मुकादमाने थोबाडीत मारली, दुसरी मारताना पोराने त्याचा हात धरला. बस, तेवढाच गुन्हा. मुकादमाने लोखंडी गज उचलून त्याचे गुडघे फोडले. पोरगा कोपरांवर सरपटत ट्रकच्या चाकाशी गेला, चाकाला मिठी मारून राहिला, आणि त्या पडलेल्या जिवाच्या डोक्यात गज बसला. परत बसला. मालक बाजूला उभा राहून फोनवर बोलत होता. नंतर त्यानेच पाइप आणून फरशीवर पाणी मारलं. ताईने लगेच त्या नकलेला कुलूप घातलं. हे कुलूप एकदा लागलं की ठरलेली मुदत संपेपर्यंत ती नक्कल कुणालाच पुसता येत नाही, घालणाऱ्यालाही नाही. पोलिसांना फोन केला आणि मग मला. "मालकाचा फोन येऊन गेला. तू येऊन बस जरा."

मी पोचायच्या आत मालक आणि मुकादम पोचले होते. ताईचे साहेब दारातच वाकून उभे. म्हणे, "अगं, गिऱ्हाईक म्हणतंय तर पुसून टाक ना, नसती उठाठेव कशाला?"

"पुसता येत नाही," ताई म्हणाली. "कुलूप लागलंय."

"मग काढ कुलूप," मालक म्हणाला.

"मलाही निघत नाही."

मुकादमाने तिचा उजवा हात टेबलाच्या खणात घातला आणि खण लाथेने बंद केला. हाडं मोडल्याचा आवाज जिन्यात मला ऐकू आला. त्याने तिचे केस धरून तोंड टेबलाच्या कडेवर आपटलं. "निघतं का आता?" ताईच्या तोंडातून रक्त आणि तेच शब्द येत होते. "नाही निघत."

मी दुकानातून तसाच निघालो होतो. टायर रिमवरून उतरवायची लोखंडी टॉमी हातातच होती. पहिला फटका मी मुकादमाच्या मनगटावर हाणला, दुसरा गुडघ्यावर. मालक टेबलाखाली शिरला. मुकादम पडला, हात जोडायला लागला, आणि मला त्या जोडलेल्या हातांचाच जास्त संताप आला. मी त्याचा जबडा फोडला. डोळा फोडला. आवाज ऐकून आत आलेल्या काकू कोपऱ्यातून ओरडत होत्या. "मार" म्हणत होत्या की "मारू नको", मला आजही सांगता येणार नाही. पोलिसांनी येऊन मला ओढून काढलं.

मुकादम जगला, एका डोळ्याने. माझ्यावर खटला झाला. मी जामिनावर सुटलो तेव्हा माझा वकील म्हणाला, "बहिणीला वाचवायला मारलं, इथवर ठीक आहे. साक्षी मी खोडून काढीन. तो पडल्यानंतरचं कोर्टाच्या डोळ्यांना दिसलं नाही, तर तुम्ही सुटाल." ते दिसत होतं एकाच ठिकाणी, ऑफिसच्या कॅमेऱ्यात. आणि त्याचीही नक्कल ताईच सांभाळत होती, तिची नोकरी जायची अजून बाकी होती.

मी तिच्या घरी गेलो. तिचा हात प्लास्टरमध्ये होता.

"ऑफिसच्या नकलेला कुलूप घातलंस का?" मी विचारलं.

"अजून नाही."

"मग पुसून टाक."

मी म्हणालो, "ताई, तुझ्यासाठी मारलं मी त्याला!"

"माहितीये. नसतास तर मी मेले असते."

"मग?"

"उद्या मालकाचा वकील मला विचारणार. बाई, तुम्ही नियम मोडून मशिन उघडलंत, मग आपल्या सोयीने कधी काही पुसलंही असेल? काय सांगू मी? एकदा पुसलं की माझं सगळंच खोटं ठरतं. मग काकूंचा पोरगा पुन्हा ट्रकवरूनच पडला."

मी स्टूल उचलून भिंतीवर फेकलं. त्याचे तुकडे झाले. "परक्याच्या मेलेल्या पोरासाठी सख्ख्या भावाला आत घालतेस?"

"झालं फेकून? बस आता," ती म्हणाली. आणि माझ्यासमोर, लॅपटॉपवर डाव्या हाताने चाचपडत, त्या नकलेला कुलूप घातलं.

कोर्टात तसंच झालं. मालकाच्या वकिलाने तिला उभं सोललं. नोकरीवरून काढलेली बाई, नियम मोडणारी बाई, हवं ते ठेवणारी आणि नको ते पुसणारी बाई. ताईने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "ऑफिसातलं रेकॉर्डिंगही मी दिलंय. तेही बघा." बघितलं सगळ्यांनी. मीही बघितलं. जोडलेले हात, आणि त्यांवर पडणारी टॉमी.

"हा पडलेल्या माणसाला मारतोय तो कोण?" न्यायाधीशांनी विचारलं.

"माझा धाकटा भाऊ."

"हे तुमच्याकडे कुणी मागितलं होतं?"

"नाही."

वकील खाली बसला. गोदामाच्या रेकॉर्डिंगबद्दल त्याने पुढे एकही प्रश्न विचारला नाही. मुकादमाला जन्मठेप झाली, मालकालाही बरीच वर्षं मिळाली. माझ्या खटल्याचा निकाल नंतर लागला आणि मीही आत गेलो.

पहिल्या भेटीला ताई आली तेव्हा प्लास्टर केव्हाच निघालं होतं. दोन बोटं वाकडीच राहिली होती.

"चिडलायस?" तिने विचारलं.

"हो."

"चिड," ती म्हणाली. "पण जेवत जा."