साखर पेठेत मांडलेला जपानचा गणपती

सुकन्या लवटेनं साखर पेठेच्या चौकात गाडी थांबवली आणि समोरच्या गणपतीच्या मांडवाकडं ती बघतच राहिली.

मांडवात दोन हत्तीमुखी आकृती एकमेकींना मिठी मारून उभ्या होत्या. अंगावर गुलाबी दिव्यांचा झोत, डोक्यावर कागदी छत्र्या, मागं थर्माकोलचा बर्फाळ डोंगर. पुढं पोरांचा घोळका. एक जण दुसऱ्याच्या गळ्यात पडून त्या मिठीची नक्कल करत होता, बाकीचे मोबाईल उंच धरून खिदळत होते. आणि कमानीच्या फळीवर तेलरंगातली ठसठशीत अक्षरं : 'जपानचा गणपती. संकल्पना : डॉ. सुकन्या बिरुदेव लवटे.'

बापाचंसुद्धा नाव घातलं होतं मेल्यांनी.

सुकन्या सांगोल्याकडची, मेंढरं राखणाऱ्या घरातली. पुण्याला जाऊन जपानी शिकली. आपल्याकडचे देव चीनमार्गे जपानात कसे पोचले, तिथल्या पोथ्यांत, चित्रांत, पूजेत त्यांचं काय झालं, यावर तिनं प्रबंध लिहिला. त्यासाठी वर्षभर तिकडं राहिली. आता सोलापुरात एका महाविद्यालयात इतिहास शिकवते, पण तासिका तत्त्वावर. म्हणजे जेवढे तास तेवढा पगार, आणि सुट्टी लागली की हात हलवत घरी. कायमच्या जागेची मुलाखत दिवाळीआधी व्हायची होती. मुलाखत घेणार होते संस्थेचे अध्यक्ष शिवराजदादा, आणि हा मांडवही शिवराजदादांच्याच मंडळाचा.

जपानात नारा शहराजवळच्या डोंगरावर एका देवळात ती महिनोन्‌महिने जात होती. तिथं आपला विनायक आहे, मिठीतल्या जोडीच्या रूपात; त्याला ते कांगितेन म्हणतात. पण त्याचं दर्शन नसतं. दारं बंद. पुजारी एकटाच आत जातो, कोमट तेलानं देवाला न्हाऊ घालतो आणि दार ओढून घेतो. माणसं बाहेर बसून हात जोडतात, मुळा ठेवतात, भाताची दारू ठेवतात आणि समाधानानं उठून जातात. सुकन्यानं त्या म्हाताऱ्या पुजाऱ्याला खूप विचारलं, पण 'मला आत सोडा' एवढं कधी म्हणाली नाही. म्हातारबाबालाच त्याचं नवल वाटलं. त्यानं कारण विचारलं, तेव्हा तिनं सांगितलं, आमच्याही घरात असंच आहे.

आणि होतंच तसं. त्यांच्या घराण्याचा देव लाकडी पेटीत, कापडात गुंडाळलेला. घरातला थोरला पुरुष वर्षातून एकदा तो उघडायचा, तेही बाकीच्यांकडं पाठ करून.

प्रबंधात तिनं देवळाचा नकाशा घातला, पूजेची भांडी घातली, दारावर कोरलेल्या मुळ्यांचं चित्र घातलं. देवाचं घातलं नाही. जुनी चित्रं पुस्तकांत सापडतात, पण ज्याच्या उंबऱ्यावर वर्षभर बसले त्याला असं उघडं करायचं नाही, हे तिनं मनाशी धरलं होतं. तोंडी परीक्षेला आलेले साहेब पानं चाळत म्हणाले, "फोटो नाही? अहो, नेटवर ढिगानं पडलेत." चहा पिऊन झाल्यावर त्यांनी पुन्हा तेच विचारलं. प्रबंध वाचलेला नव्हता हे तेव्हाच कळलं.

श्रावणात महाविद्यालयात तिचं व्याख्यान झालं. अध्यक्षस्थानी शिवराजदादा. दरवाजा बंद का, यावर ती तासभर बोलली. दादांनी त्यातलं एवढंच उचललं, की जपानमध्ये गणपती आहे आणि तो शेजारच्या कुठल्याच मंडळानं अजून केलेला नाही.

"या मॅडम, या," मांडवाच्या बाजूच्या खुर्चीतून दादांनी हाक मारली. "बघा तुमचा पाहुणा. कसा आलाय?"

"दादा, हे झाकायला पाहिजे."

"काय?"

"मी व्याख्यानात हेच सांगत होते. ही मूर्ती दाखवत नाहीत."

"ते तिकडं. हितं सोलापूर हाय." दादा हसले. हातातली सुपारी त्यांनी तोंडात टाकली.

मंडळाचा युवराज पुढं सरकला. "आमी नेटवर बगितलं की मॅडम. लई मोकळी म्हणायची जपानी लोकं. देवाला दारूचा निवद. मग आमीबी जपानीच की." पोरं फिसकन हसली.

सुकन्याचे कान तापले. "युवराज, विघ्न घालत फिरणाऱ्या विनायकाला करुणेच्या देवतेनं जवळ घेतलं आणि शांत केलं, असा त्या मिठीचा अर्थ आहे. पाहणाऱ्याच्या मनात घाण आली तर दोष देवाला लागू नये, म्हणून दारं बंद."

"आमच्या मनात कुटं घाण हाय?" युवराज म्हणाला, आणि शेजारच्याच्या गळ्यात हात टाकून डोळा मिचकावला.

ती घरी आली ती आंघोळच करून देवापुढं बसली. रात्री ताटावर बसली, पण भाकरी नुसती कुस्करत राहिली. आई बाळाबाईनं विचारलं, तेव्हा सगळं सांगितलं.

"तुज्या आज्यानं पेटीतला देव मलाबी कदी दावला न्हाय," बाळाबाई म्हणाली. "सगळा जलम निवद केला मी त्येचा. काय कमी पडलं मला? आन ह्या भाड्यांना काय बगायचंय एवढं?"

"माझं नाव घातलंय गं त्यावर."

"मग काढाय सांग."

"मुलाखत दादाच घेणार आहेत."

बाळाबाईनं भाकरी पुढं सरकवली. "ते मला काय कळत न्हाय. नाव तुज्या बाचं हाय, एवढं कळतंय."

दुसऱ्या दिवशी दुपारी दादांचा फोन आला. "तुमचं ऐकलं बरं का मॅडम. झाकला. संध्याकाळी आईला घेऊन या."

सुकन्याला खरंच बरं वाटलं. इतकं, की जाताना तिनं हार घेतला. मांडवात मूर्तीपुढं लाल मखमली पडदा होता. गर्दी कालच्या दुप्पट, पण पडदा होता. मायलेकी पुढं गेल्या. बाळाबाईनं पदर डोक्यावर घेतला आणि हात जोडले.

तेवढ्यात कर्णे कडाडले. "जपानचा गुप्त गणपती! जो जपानी माणसालाही दिसत नाही, तो फक्त आपल्या मंडळात! डॉ. सुकन्या लवटे यांच्या संशोधनातून!" खालून पांढरा धूर सुटला. मोटर घरघरली आणि पडदा झटक्यात दोन्हीकडं सरला. शिट्ट्या वाजल्या. शेकडो मोबाईल वर गेले. एका बाईनं पोराला खांद्यावर चढवलं, दिसावं म्हणून. पडदा मिटला, आणि पोरं ओरडली, "परत, परत."

बाळाबाईनं जोडलेले हात खाली घेतले. तिचा चेहरा नासक्या दुधाचा वास आल्यासारखा झाला होता.

सुकन्यानं हातातला हार परत पुडीत गुंडाळला. काल नुसता थिल्लरपणा होता. आज तिच्या वर्षभराच्या अभ्यासाला मोटर बसवली होती.

"बघितलं?" दादा खुशीत होते. "तुमचीच आयडिया. काल माणूस बघून पुढं जायचं, आज तीन-तीनदा थांबतंय. मुलाखतीची काळजी करू नका आता, समजलं का? चला, दोन शब्द बोला." त्यांनी तिच्या हातात माईक दिला.

कायमची जागा मिळाल्यातच जमा होती. इतकी वर्षं तासांवर काढल्यावर, अशी, या धुरात. ही जागा घेतली तर ती आयुष्यभर या पडद्याचीच मॅडम राहणार, हे तिला लख्ख दिसलं, आणि त्याचीच सगळ्यात जास्त शिसारी आली.

"ही मूर्ती मी कधी पाहिलेली नाही," ती माईकवर म्हणाली. "माझ्या संशोधनात ती नाही. जपानात हजारो माणसं न बघता तिला हात जोडतात, मी त्यांचा अभ्यास केला. इथं जे चाललंय त्यात माझं काहीही नाही. माझं नाव घातलंय ते खोटं..."

माईक बंद झाला. लगेच गाणं सुरू झालं, आणि पडदा ठरल्या वेळी पुन्हा उघडला. पुढच्या चार माणसांनी तिच्याकडं पाहिलं. बाकीच्यांचे मोबाईल वरच होते.

मांडवाच्या कडेला पेंटर खोट्या डोंगराची निघालेली कड रंगवत बसला होता. सुकन्यानं त्याचा ब्रश मागितला. त्यानं दादांकडं पाहिलं, मग तिच्याकडं, आणि पांढऱ्या रंगाचा डबा पुढं केला. "स्टूल डुगडुगतंय ताई, बेतानं," एवढंच म्हणाला. बाळाबाईनं स्टूल कमानीखाली नेऊन दोन्ही हातांनी धरलं. सुकन्या वर चढली.

"मॅडम," दादा खालून हळूच म्हणाले, कुणाला ऐकू जाऊ नये असं. "मग मुलाखतीला यायची तसदी घेऊ नका."

"नाही येत," ती म्हणाली.

युवराज शूटिंग करत होता. रंग मनगटावरून कोपरापर्यंत ओघळला. पहिल्या हातात नाव पुसलं गेलं नाही, काळी अक्षरं पांढऱ्याखालून दिसतच होती. तिनं ब्रश पुन्हा डब्यात बुडवला आणि बापाच्या नावापासून दुसरा हात मारायला घेतला.