डॉक्टरांचा कान

कारखान्यात त्यांना सगळे डॉक्टर म्हणत. आता हा माणूस स्वतः दवाखान्याची पायरी चढायला घाबरणारा! पण कुरकुरणारं मशीन त्यांच्यापुढे आणा. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक मशीनच्या अंगाला लावायचे, मूठ कानाला, डोळे मिटायचे आणि निदान सांगायचे, "बेअरिंग गेलंय." उघडून बघावं तर गेलेलंच असायचं. फरशा बनवणाऱ्या त्या कारखान्यात फिटर चार होते, पण असा कान एकच.

आणि नेमका तोच कान गेला. एक कुठला, दोन्ही गेले म्हणा ना! आयुष्यभर माती दळणाऱ्या गिरण्यांच्या खडखडाटात राहिल्यावर दुसरं काय होणार? घरी दारावरची घंटा वाजायची आणि हे शेजारी बसून पेपर वाचत असायचे. बायकोच्या लगेच लक्षात आलं. कारखान्यात मात्र बाकी कुणाला पत्ता लागला नाही, कारण तिथे सगळेच एकमेकांशी ओरडून बोलतात. उरलेलं डॉक्टर ओठांवरून ओळखायचे, आणि तेही नाही जमलं तर हसून मान हलवायचे. झाकली मूठ सव्वा लाखाची.

"मशीनचं कसं हो कळतं तुम्हाला?" बायकोनं एकदा ओरडून विचारलं होतं.

"मशीनला कान लागत नाहीत गं. हाताला कळतं," डॉक्टरांनी थाप मारली. तिला पटलं, असं डॉक्टर धरून चालले.

ती त्याच कारखान्यात होती. कच्च्या फरशांचे ट्रे भट्टीच्या मजल्यावर नेणारी एक उभी लिफ्ट होती, दोन जाडजूड चेनवर चालणारी. त्या लिफ्टच्या पायाशीच टेबल मांडून ती टवके उडालेल्या फरशा वेगळ्या काढायची. भरलेला ट्रे तिच्या डोक्यावरून वर जायचा. चेन तुटली तर काय होईल, हे काही कुणी उलगडून सांगायला नको.

चेन ताणते असं आपण म्हणतो, पण लोखंड कसलं ताणतंय? कड्या ज्या पिनांवर फिरतात त्या पिना केसभर झिजतात. प्रत्येक कडीत केसभर धरा, चेन चांगलीच लांब होते आणि झोल पडतो. झोल दिसला की डॉक्टर बोल्ट आवळायचे. बोल्ट पुरा आत गेला की एखादी कडी काढून टाकायचे आणि पुन्हा आवळायचे. चेन परत ताठ! पूर्वी हे खपून जायचं, कारण आवळून झाल्यावर डॉक्टर ऐकायचे. झिजलेली चेन चाकाच्या दात्यांवर चढताना कुरकुरते, ती कुरकुर कानावर आली की ते चेनच बदलायला लावायचे. आता नुसतं आवळणं उरलं होतं. ऐकण्याचं नाटक तेवढं चालू होतं.

मग सेन्सरवाली आली. पोरसवदा इंजिनियर, चष्मा कपाळावर, डॉक्टरांना काका म्हणणारी. तिनं प्रत्येक चेनशेजारी थोड्या थोड्या अंतरावर दोन छोटे डोळे बसवले. पिन एका डोळ्यासमोरून गेली की दुसऱ्यासमोर कधी येते, हे ते मोजणार, आणि चेन किती लांबली ते पडद्यावर दाखवणार. हिरवं म्हणजे ठीक, लाल म्हणजे बदला.

"कानामागून आली आणि तिखट झाली," फिटर लोक कुजबुजले. डॉक्टरांना अर्थातच ऐकू आलं नाही, पण ओठ दिसले.

पहिल्याच आठवड्यात फरशा पुढे सरकवणाऱ्या पट्ट्याची चेन लाल झाली. मॅनेजरांनी काम थांबवलं, चेन उतरवली, तर चेन अगदी नवीकोरी! डोळ्यावर फरशीची धूळ बसली होती. काय हशा पिकला म्हणता! बिचारीनं डोळ्यांवर झाकणं बसवली आणि खाली मान घालून कामाला लागली. डॉक्टरांनी मनातल्या मनात सुटकेचा निःश्वास सोडला. सेन्सर खोटा, म्हणजे आपण खरे.

त्यानंतर लिफ्टची चेन लाल झाली.

"पुन्हा धूळ असेल," मॅनेजर म्हणाले.

"नाही साहेब, मी पुसून बघितलंय. डावी चेन फार लांबलीय."

"अहो, ताठ तर दिसतेय! ट्रक दारात उभा आहे माझा. डॉक्टरांना बोलवा. ते ठीक म्हणाले की ठीक."

झालं! डॉक्टर शिडीवरून लिफ्टच्या माथ्यापाशी चढले. सवयीनं स्क्रूड्रायव्हर लावला, मूठ कानाला, डोळे मिटले. कानात नुसता कापूस कोंबल्यासारखी शांतता. चेन ताठ दिसते खरी, पण ती कुणी ताठ केली? आपणच की. कितीदा आवळली आणि कितीदा कडी काढली, ते त्यांना पाठ होतं. त्यांनी डोळे उघडून खाली पाहिलं. बायको नेहमीच्या जागी, फरशीच्या कडेवरून बोट फिरवत होती. तिनं वर पाहिलंसुद्धा नाही. डॉक्टरांनी स्क्रूड्रायव्हर कानावरून खाली घेतला.

"काय डॉक्टर? ठणठणीत ना?" खालून मॅनेजरांचे ओठ हलले.

नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. डॉक्टर एकेक पायरी खाली उतरले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "साहेब, मला ऐकू येत नाही. कितीतरी दिवस झाले. मी नुसता आवळत होतो. बंद करा ती लिफ्ट."

मॅनेजरांनी स्वतः जाऊन बटण दाबलं.

चेन उतरवली तेव्हा सेन्सरवालीनं एक कडी हातात घेऊन वाकवली, तर पिन अर्ध्यात मोडून तिच्या तळव्यावर आली. शेजारच्या दोन पिनांना चिरा होत्या. मॅनेजर पालथ्या ट्रेवर मटकन बसले आणि घाम पुसत राहिले. डॉक्टरांचा जीव मात्र भांड्यात पडला. नोकरी जाईल का राहील, ते त्या क्षणी त्यांच्या मनातही आलं नाही.

नोकरी राहिली. मॅनेजर वैतागून ओरडले, तेही डॉक्टरांना कळेल इतकं मोठ्यानं, "उद्या कानाच्या डॉक्टरकडे जा आधी! आणि ही चेन पुढे ह्या बाई सांगतील तेव्हाच बदलायची, तुमच्याच हातानं." सेन्सरवाली चष्मा पुसत हसली. "काका, डोळ्यांवरची धूळ रोज तुम्हीच पुसा बरं, माझ्यापेक्षा तुम्हाला चांगली दिसते." डॉक्टरांनाही हसू आलं. मानेवरचं ओझं उतरलं होतं, खोटी मान हलवण्याचं.

मग ते बायकोच्या टेबलापाशी गेले. ती फरशांवरची धूळ फडक्यानं झटकत होती.

"हाताला कळतं म्हणालो होतो, ती थाप होती," डॉक्टर म्हणाले.

"ठाऊक आहे."

"काय?"

"ठाऊक आहे म्हटलं!" ती ओरडली. चार टेबलांवरच्या बायका वळून बघायला लागल्या. "संसार केलाय तुमच्याशी!"

"अगं, मग रोज इथं या लिफ्टखाली उभी राहायचीस ती कशी? जागा बदलून मागायची ना!"

तिनं फडकं खाली ठेवलं. डोळे भरून आले होते, पण आवाज तसाच चढा होता.

"बदलून मागितली असती तर साहेबांनी कारण विचारलं असतं. काय सांगणार होते मी?"