जाड चिरलेले वास्ते

ऐका, पण हसू शेवटापर्यंत राखून ठेवा. कारण या गाढवपणात माझं सासर पणाला लागलं होतं.

लग्नाला दोन वर्षं झाली, तरी सासरे आमच्या ब्रह्मपुरीच्या घरी आले नव्हते. लग्न आम्ही आपल्या मनानं केलं, त्याचा राग. शेवटी प्रमोदनं, म्हणजे नवऱ्यानं, त्यांना जेवायला यायला कसंबसं कबूल केलं. ते गडचिरोलीच्या जंगलातल्या गावचे. त्यांच्या आवडीचे वास्ते, म्हणजे बांबूचे कोवळे कोंब, त्यानं बाजारातून आणले.

"पातळ चिर, अन् रातभर पान्यात ठेव. कडूपणा निंगून जाते," तो म्हणाला.

मी कोरपन्याकडची, कापसातली. वास्ते कधी शिजवलेले नाहीत. पण अकरावीला जीवशास्त्र शिकवते हो मी! मला कोण शिकवणार?

त्याच दिवशी वर्गात बटाट्याचे ठोकळे रंगीत पाण्यात घातले होते. लहान ठोकळा आतपर्यंत लाल, मोठा मधोमध पांढराच. "घनफळ वाढतं त्या मानानं पृष्ठफळ वाढत नाही," हे पोरांकडून तीनदा वदवून घेतलं.

आणि घरी येऊन वास्त्यांचे हे जाडजूड तुकडे केले. बारीक चिरलं तर सासऱ्यांना वाटेल, सून हात आखडून वाढते!

सकाळी भाजी शिजल्यावर एका तुकड्याची कड चाखली. जराही कडू नाही. मी खूश.

दुपारी जेवताना मामाजींनी, म्हणजे सासऱ्यांनी, पहिला घास चावला आणि थांबले. मी घाईनं एक तुकडा तोंडात टाकला. मधोमध कडूजहर. प्रमोदनं ताटात मान घातली. आता हे उठून जाणार आणि पुन्हा येणार नाहीत, या भीतीनं मला रडूच फुटलं.

"काऊन रडून राह्यली?" मामाजी पाणी पिऊन म्हणाले. "उरलेले वास्ते कुठी हायेत? विळी आन."

ते स्वतः चिरायला बसले. पलीकडचं दिसेल इतके पातळ काप. "जाड तुकड्याच्या पोटात पानी पोचत नाई, बाई. आता दोन दिवस पानी बदलत राहू. तवर थांबतो मी इथी."

दोन दिवस! मला इतकं बरं वाटलं की डोळे पुसायचेही राहिले.

चिरता चिरता त्यांनी विचारलं, "कालेजात कोनता विषय शिकवतं तू?"

खरं उत्तर ओठांवर आलं होतं.

"मराठी," मी म्हटलं.

"तरीच," मामाजी म्हणाले.