फौजींनी इंटरनेटवर बसवलेलं दार

सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांनी मिळून मला आयुष्यात जेवढे धक्के दिले नसतील, तेवढे माझ्या थोरल्या जावेच्या धाकट्या भावाने एका वर्षात दिले. मी सहजासहजी हबकणारी बाई नाही. माझ्या घरात वाणसामानाची यादी वेगळी, औषधांची वेगळी आणि कोणती यादी कुठे ठेवली आहे याची तिसरी. अशा बाईला आठवड्यातून एकदा तरी कपाळाला हात लावून खाली बसवणं सोपं नव्हे. त्यांना ते न ठरवता जमायचं. ते मूळचे म्हसवडचे. आजोबांपर्यंत घरात मेंढरं, वडिलांच्या वेळेपासून ज्वारी, आणि हे गेले थेट सैन्यात, संदेशवहनाच्या सिग्नल तुकडीत. हवालदार होऊन निवृत्त झाले तेव्हा जेमतेम चाळिशीचे होते. आम्ही सगळेच त्यांना फौजी म्हणायचो. सांगलीत कॉम्प्युटर शिकायचा म्हणून ते आमच्याकडे राहायला आले, एक ट्रंक आणि इस्त्रीचे चार शर्ट घेऊन.

फौजींचं जगातल्या प्रत्येक दाराबद्दल काही ना काही मत असे. दुकान, दवाखाना, कचेरी, कुठेही गेले की आत शिरण्याआधी समोरच्या बाजूला उभे राहून ते दार न्याहाळत. लोक उंबऱ्यापाशी किती घुटमळतात हे ते मनातल्या मनात मोजत. साताऱ्याला पाहुण्यांकडे गेलो असताना एकदा त्यांची दाढ ठणकत होती, म्हणून मी त्यांना दातांच्या डॉक्टरकडे पाठवलं, तर अर्ध्या तासात तसेच गाल धरून परत. का, तर डॉक्टरांनी प्रवेशदारापाशीच काचेच्या बरणीत उपटलेले दात ठेवले होते. पुढचे चार दिवस त्यांनी लवंग चावून काढले, पण त्या दारातून आत गेले नाहीत. दुसरा प्रसंग माझ्या स्वतःच्या घरातला. विक्रेत्यांचा त्रास नको म्हणून मी फाटकावर 'कुत्र्यापासून सावध रहा' अशी पाटी लावली होती. कुत्रा नव्हता, पाटी पुरत होती. मी खंडाळ्याचं एक लग्न आटोपून परतले, तर पाटी गायब आणि तिच्या जागी पुठ्ठ्यावर रंगवलेलं, 'बेल वाजवा, माणसं घरात हायत'. त्या एका दुपारी आमच्याकडे दोन अगरबत्तीवाले, एक चटईवाला आणि विम्याचा एजंट येऊन गेले. मी फौजींना जाब विचारला, तर म्हणाले, घर बंद आहे असं वाटलं की माणूस आजारी पडतं. घरातलं की बाहेरचं, हे त्यांनी सांगितलं नाही.

त्याच सुमारास माझ्या धाकट्या बहिणीने सांगलीत समुपदेशन केंद्र काढलं होतं. पुण्यात शिकून ती मुद्दाम इकडे परतली होती. एका ट्रस्टने पहिल्या मजल्यावरच्या दोन खोल्या दिल्या होत्या, पण दिवाळीपर्यंतच. तोवर माणसं येऊ लागली नाहीत तर खोल्या परत करायच्या आणि बहिणीने पुण्यातली नोकरी धरायची, असं ठरलं होतं. व्यवस्था माझ्याकडे. मी नोंदवही आखली, रकाने पाडले, पेन्सिलींना टोकं काढली. गणपती आले, गेले, आणि वहीत आमच्या दोघींच्या सह्यांखेरीज एक अक्षर नव्हतं. बहीण आतल्या खोलीत वाचत बसे. तिने पुण्याला नोकरीसाठी पत्र लिहिल्याचं मला टेबलावरच्या पाकिटावरून कळलं.

मला वाटत होतं, कुणी येतच नाही. फौजींनी मला पहिला मोठा धक्का दिला तो इथे. समोरच्या चहाच्या गाड्यावर तीन आठवडे बसून त्यांनी पाळत ठेवली होती. आल्यावर त्यांनी सांगितलं, की अकरा जण आले होते. खालच्या 'समुपदेशन केंद्र' या पाटीपर्यंत आले, वर बघितलं, मागे वळून कुणी पाहतंय का ते बघितलं आणि शेजारच्या झेरॉक्सच्या दुकानात शिरले. एका म्हाताऱ्याने तर आधीच्याच झेरॉक्सची पुन्हा झेरॉक्स काढली होती.

"आवं ताई, तुमचा त्यो शबुद वाचूस्तवर माणूस फुडं जातंय," ते म्हणाले. "आन दार हाय रस्त्यावर. सगळ्या गावादेखत कोण चढंल? इंटरनेटवर दार करू. तितं मागं बघावं लागत न्हाई."

नव्वदचं दशक संपत आलं होतं. सांगलीत सायबर कॅफे बोटांवर मोजण्याइतके. वेबसाइट म्हणजे काय हे मला नीट ठाऊक नव्हतं, पण यादी करायला ते ठाऊक असावं लागत नाही. मी चौदा मुद्दे लिहून दिले: बहिणीच्या पदव्या, तिचा फोटो, ट्रस्टच्या अध्यक्षांचा फोटो, उद्दिष्टं, नियम, पत्ता, वेळ, वगैरे. फौजींनी कागद आदराने घेतला, घडी घातली आणि पंधरा दिवस क्लासच्या कॉम्प्युटरवर ठाण मांडलं. मराठी अक्षरं पडद्यावर नुसते चौकोन होऊन उमटत, म्हणून त्यांनी सगळा मजकूर बोरूने कागदावर लिहिला आणि त्याचं चित्र करून एका परदेशी कंपनीच्या फुकट जागेवर चढवलं. मग आम्हा दोघींना कॅफेत नेलं. चित्र वरून खाली सावकाश उतरत होतं. आधी खिडकी आली, मग खुर्चीची पाठ, आणि खुर्चीला पाय फुटेपर्यंत आमचा चहा संपला होता. आमच्याच आतल्या खोलीतली वेताची रिकामी खुर्ची. माझ्या चौदापैकी फक्त पत्ता आणि वेळ शिल्लक होते. खाली लिहिलं होतं:

"हितं बसायचं. नाव सांगितलंच पायजे असं न्हाई. बाई आधी काय इचारणार न्हाईत. पहिल्या खेपंला नुसतं बसून गेला तरी चालतंय. दारातनं परत गेला असाल, तरी पुन्हा या."

इथवर मी कसंबसं सोसलं. त्याच्याखाली मथळा होता, 'घरातनं काय सांगून निघायचं', आणि पुढे यादी: झेरॉक्स काढायला, चष्म्याचा नंबर बघायला, हळदीचा भाव विचारायला. मी कॅफेतच उभी राहिले. ट्रस्टच्या जागेत बसून आपण लोकांना घरी खोटं बोलायला शिकवणार, आणि तेही यादी करून. बहीण मात्र त्या खुर्चीकडे बघत राहिली आणि म्हणाली, राहू दे ताई, असंच राहू दे. मी फौजींकडे वळले, तेव्हा ते पडद्याकडेच बघत हळू आवाजात बोलले.

"आमचा थोरला मिरजंच्या डोक्याच्या दवाखान्याच्या दारातनं दोनदा परत आला. घरात काय सांगून निघावं, ह्येच त्याला सुचंना. तिसऱ्यांदा निघालाच न्हाई."

जावेचा थोरला भाऊ तरुणपणी गेला एवढंच मला माहीत होतं. कसा, ते आमच्या घरात कुणी कधी बोललं नव्हतं. मी पुन्हा खाली बसले आणि त्या यादीबद्दल नंतर चकार शब्द काढला नाही.

पान कोण बघणार हा प्रश्न होताच. तो कॅफेच्या मालकाने परस्पर सोडवला. चित्र उतरायला इतका वेळ लागतो म्हणून त्याने पानाचे छापील कागदच काढून गल्ल्यापाशी ठेवले. मुलाचा निकाल बघायला, परदेशातल्या लेकाचं पत्र वाचायला आलेली माणसं ते घडी घालून खिशात टाकू लागली, आपापल्या गावी नेऊ लागली. आम्हाला याचा पत्ताच नव्हता.

आणि माझ्या हातून ती चूक झाली. दसऱ्यानंतरच्या मंगळवारी साडेअकराला एक चाळिशीची बाई जिना चढून आली. पदर डोक्यावर, चपला हातात. मी विचारलं, काय काम? ती म्हणाली, "पाटणास्नं आलोय. हळदीचा भाव इचारायचा हुता." मी कामाला वाघ. मार्केट यार्डाचा रस्ता सांगितला, कुठे वळायचं ते कागदावर काढून दिलं आणि अडत्यांच्या जेवणाची वेळ होईल, लवकर जा, असंही बजावलं. ती कागद घेऊन क्षणभर उभी राहिली, बरं म्हणाली आणि उतरली. मी समाधानाने पेन्सिल खाली ठेवली.

पाच मिनिटांत फौजी दोन-दोन पायऱ्या चढत वर आले. बाई वर गेल्याचं त्यांनी गाड्यावरून पाहिलं होतं आणि इतक्या लवकर उतरल्याचंही. काय म्हणाली ती, विचारलं. मी सांगितलं. या वेळी कपाळाला हात त्यांनी लावला. पाटणची बाई हळदीचा भाव विचारायला आमचा जिना कशाला चढेल, हा साधा प्रश्न मला पडला नव्हता. घरी सांगायचं यादीतलं कारण तिने माझ्यापाशीही सांगितलं होतं, कारण दुसरं काही म्हणायची तिची हिंमत नव्हती. आणि मी तिला नकाशा काढून दिला होता. तीन तास एसटीत बसून आलेलं आमचं पहिलं माणूस मी स्वतः दारातून परत पाठवलं होतं.

फौजी स्टँडकडे पळत गेले. संध्याकाळी परतले ते कराडहून. बाई गाडीत बसलेली होती, म्हणून तेही चढले, दोन बाकं मागे बसले आणि कराडपर्यंत गेले. मी विचारलं, तिच्याशी बोललात काय?

"काय बोलायचं ताई? परक्या बाईला गाडीत काय सांगायचं? कराडला गाडी बदलताना एवढंच म्हनलं, मंगळवारी खुर्ची रिकामीच आसती."

पुढच्या मंगळवारपर्यंत मी नीट झोपले नाही. नोंदवहीतला नावाचा रकाना मी खोडून टाकला. बहिणीला पुण्याहून उत्तर आलं होतं. ते तिने उघडून पुस्तकात ठेवलं होतं.

ती आली. जिन्याच्या तोंडाशी थांबली, माझ्याकडे बघितलं. मी काही विचारलं नाही. उठून आतल्या खोलीचं दार उघडलं आणि बाजूला झाले. ती गेली. मग मला तिथे बसवेना, म्हणून गॅलरीत आले.

कागद वाचून आणखी माणसं येऊ लागली, खोल्या राहिल्या; त्या वर्षी दिवाळीनंतर बहीण सांगलीतच राहिली, अजून आहे. फौजी म्हसवडला परतले. परदेशी कंपनीने पुढे आपली फुकट जागा बंद केली, तेव्हा खुर्ची, खिडकी आणि बोरूची अक्षरं सगळंच पुसलं गेलं. एकही छापील कागद मी जपून ठेवला नाही; मी, जी किराण्याच्या चिठ्ठ्यासुद्धा फाइल करते.

पण त्या मंगळवारी गॅलरीतून जे दिसलं, ते आहे. चहाच्या गाड्यावर फौजी बसले होते, आमच्या दाराकडे पाठ करून. उतरताना तिला कुणी पाहिल्यासारखं वाटू नये म्हणून त्यांनी बाकडंच फिरवून घेतलं होतं. तासभर ते तसेच बसले. ती जिना उतरली, त्यांच्या मागून, हाताच्या अंतरावरून गेली, कोपऱ्यावर वळून दिसेनाशी झाली. त्यांनी मान वळवली नाही.